शरणपूर : हुन्नराचे एक खेडे

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचे राज्य चालू होते, आणि १८५१ च्या खानेसुमारीत त्या देशातील निम्म्याहून अधिक प्रजा शहरवासी ठरली होती. खेड्यातील शेतमजूर गिरण्यांच्या धुराकडे निघाला होता. नेमक्या याच काळात, १८५४ च्या सुमारास, चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या पश्चिमेस एक नवे खेडे वसविले. चर्च, शाळा, अनाथाश्रम आणि त्यांच्या सान्निध्यात सुतार, लोहार, गवंडी यांचे कारखाने, अशी त्याची घडण होती. तेच शरणपूर.

नाशिक परिसराला हुन्नराचे अप्रूप नव्हते. तांबटांच्या ठोक्यांनी या शहराच्या आळ्या पिढ्यान्‌पिढ्या दुमदुमत होत्या, आणि भोवतालच्या गावगाड्यात सुतार-लोहारांपासून महार-मांगांपर्यंत बलुतेदारांची कामे वतनाने ठरलेली होती. कुणब्याचा नांगर लोहाराने शेवटून द्यायचा, चाकाला धाव चढवायची, आणि सुगीत खळ्यावर आपला धान्याचा वाटा न्यायचा, असा तो व्यवहार. त्यात सुरक्षितता होती. पण मोल असे की, सुताराच्या पोराने ऐरणीपाशी बसावयाचे नाही आणि महाराच्या पोराने रंध्याला हात लावावयाचा नाही. इंग्लंडातील खेड्यातही बापाचा धंदा मुलाकडे जाण्याचीच वहिवाट मोठी होती. तथापि तेथे शागिर्दीचा करार करून, पुष्कळदा सात वर्षे उस्तादाच्या घरी राहून, परक्याच्या मुलालाही कसब मिळविता येई. शरणपुरात जी गोष्ट आयात झाली ती हीच: कसब जन्माने नव्हे, तर शिक्षणाने येते, हा विचार.

या विचाराची कसोटी लागली ती अनपेक्षित पाहुण्यांच्या निमित्ताने. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडून मुंबईस आणी, आणि त्यांवरील आफ्रिकी मुलांचे काय करावयाचे, हा प्रश्न सरकारपुढे उभा राही. त्यांतील अनेकांची रवानगी शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये झाली. ज्यांचे गाव, कूळ आणि भाषा समुद्रापलीकडे राहिली होती, अशी ही मुले अक्षरओळखीबरोबरच पटाशी, भाता आणि ओळंबा हाताळू लागली. बलुत्याच्या चौकटीत त्यांना बसविण्यास जागाच नव्हती. कारखान्यात मात्र मुलाचे गोत कोणते याहून त्याचा हात कसा चालतो, हे महत्त्वाचे होते.

या शिक्षणाची कीर्ती लवकरच दूरवर गेली. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकला आले, आणि आपल्या अखेरच्या आफ्रिकी सफरीसाठी त्यांनी येथील नऊ तरुण निवडले. पुढे १८७२ मध्ये त्यांच्या मदतीस गेलेल्या माणसांतही नाशिकचे विद्यार्थी होते. १ मे १८७३ च्या सुमारास चितांबो गावी लिव्हिंगस्टन निवर्तले, तेव्हा त्या विद्यार्थ्यांपैकी जेकब वेनराइट याने प्रार्थना म्हटली आणि तेथल्या वृक्षावर त्यांचे नाव कोरले. मग त्या अनुचरांनी हजार मैलांहून अधिक वाट तुडवून ते शव समुद्रकिनारी पोचविले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबीत झालेल्या अंत्यविधीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा शरणपूरचा वेनराइट होता.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांनी झांझिबारच्या गुलामव्यापाराविरुद्ध केलेल्या खटपटीनंतर, १८७४ च्या अखेरीस प्राइस यांनी मोंबासा गाठले आणि तेथे मुक्त गुलामांसाठी ‘फ्रेअर टाउन’ची वसाहत उभारली. तिच्या उभारणीस सुतार, लोहार आणि शिक्षक हवे होते. ते पुरविले नाशिकने. येथे घडलेले आफ्रिकी तरुण पूर्व आफ्रिकेत ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

या साऱ्या उद्योगामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. नव्या वस्तीतील माणसाला जुन्या जातीचा आधार सुटून मिशनच्या छत्राखाली राहावे लागे, आणि त्या छत्राचीही शिस्त कडक होती. वतनदाराचा हक्क जसा त्याला जखडून ठेवी, तसेच आश्रयदात्याचे उपकारही आश्रिताला बांधून ठेवतात. असे असले तरी, हाती आलेले कसब कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. नाशिकला शिकलेल्या आफ्रिकी मुलांनी ते समुद्रापार नेले आणि त्यावर स्वतःचे जीवन उभे केले.

आज शरणपूर हे शहराच्या पोटात सामावलेले आहे आणि शरणपूर रोडवरच्या दुकानांच्या पाट्या त्याचे नाव टिकवून आहेत. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर यांचे माहात्म्य सांगताना नाशिककरांनी आपल्या इतिहासात या खेड्यालाही एक प्रकरण द्यावे. कारण जन्म न विचारता हाती हत्यार देण्याचा प्रयोग या जिल्ह्यात इतक्या लवकर आणि इतक्या दूरवर परिणाम घडविणारा दुसरा झाला नाही, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.