जुन्या मोटारसायकलीचा क्लच

अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाच्या किटल्या संकलन केंद्रावर नेण्यास अनेक शेतकरी जुन्या मोटारसायकली वापरतात. गाडी वाटेत बंद पडल्यास दूध नासण्याचा धोका असतो. म्हणून दोष प्रथम नीट ओळखावा.

गाडी न्यूट्रलमध्येही बंद पडत असल्यास पेट्रोलचा पुरवठा व प्लग तपासावा. क्लच दाबून गिअर टाकतानाच बंद पडत असल्यास क्लच पुरता सुटत नाही, असे समजावे. बहुतेक १०० सीसी गाड्यांत क्लच लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल, म्हणजे ‘प्ले’, असावी. तो अधिक असल्यास नट फिरवून केबल ताणावी. मात्र प्ले मुळीच ठेवला नाही, तर क्लच घसरून प्लेटा जळतात. प्ले योग्य असूनही दोष राहिल्यास प्लेटा कारागिराकडून तपासून घ्याव्यात.