उंच, निळं आणि चक्क खारट!

उंची सुमारे १४,००० फूट, समुद्राचा जवळपास पत्ता नाही आणि पाणी? खारट! लडाखचं पँगाँग सरोवर ‘थ्री इडियट्स’च्या क्लायमॅक्समध्ये तुम्ही पाहिलंच असेल. आता त्याचे खरे सीन बघा.

खारट कसं झालं, माहीत आहे का? डोंगरांवरचं वितळलेलं बर्फ आत येतं, पण पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही! ऊन-वारा पाणी उडवून नेतात, क्षार मागे उरतात. कधीकाळी हेच पाणी श्योक नदीतून सिंधूला मिळायचं. मग वाट बुजली आणि सरोवर कोंडलं गेलं.

आता ट्विस्ट! १३४ किलोमीटर लांबीच्या या सरोवराचं तिबेटकडचं टोक गोड्या पाण्याचं. खारटपणा आपल्या बाजूला. सरोवर एक, चवी दोन!

खारं पाणी सहसा लवकर गोठत नाही ना? पँगाँग हिवाळ्यात अख्खं गोठतं. २० फेब्रुवारी २०२३ ला लुकुंग ते मान गावापर्यंत या बर्फावरून चक्क २१ किलोमीटरची हाफ मॅरेथॉन झाली. ७५ जण धावले, गिनीज रेकॉर्ड झाला. कूल!

इथे कुणाचीही डाळ शिजत नाही, अगदी शब्दशः! या उंचीवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं. भांड्यात बुडबुडे जोरात, डाळ मात्र टणक. कुकर मस्ट!

दोन देश एकमेकांना खरोखर ‘पाण्यात’ पाहतात ते इथेच. प्रत्यक्ष ताबारेषा सरोवरातूनच जाते. उत्तर काठावर डोंगराच्या सोंडा पाण्यात उतरतात, त्यांची नावं फिंगर १ ते फिंगर ८. आणि २६ डिसेंबर २०२४ पासून इथे १४,३०० फुटांवर छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा उभा आहे. जय शिवराय!

आता माझा सगळ्यात लाडका हीरो : पट्टकदंब हंस. पांढरंशुभ्र डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, पिवळीधमक चोच. उन्हाळ्यात लडाखच्या सरोवरांकाठी पिल्लं वाढवतो. या जातीचे हंस हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. माणूस जिथे दोन पावलं टाकून धापा टाकेल, तिथे हा पंख मारत राहतो! गुपित रक्तात आहे. त्याचं हिमोग्लोबिन विरळ हवेतला ऑक्सिजन जास्त घट्ट पकडतं. आणि हिवाळ्यात हेच पाहुणे कुठे दिसतात, माहीत आहे का? आपल्या भिगवणला, उजनीच्या पाण्यावर! सोबत चक्रवाकही असतात. म्हणजे लडाखची झलक पुण्याहून दोन-तीन तासांवर.

तरी पँगाँगलाच जायचंय? जरूर जा. पण लेहला उतरल्या उतरल्या गाडी काढू नका. वाटेत चांग ला खिंड १७,५०० फुटांच्या आसपास आहे आणि सरोवराकाठी समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम ६० टक्के ऑक्सिजन मिळतो. आधी दोन दिवस लेहमध्ये आराम करा, भरपूर पाणी प्या.

आणि प्लीज, चिप्सचं पाकीट, पाण्याची बाटली, सगळं परत गाडीत टाका. या सरोवरातून काहीच वाहून बाहेर जात नाही.