चाकेही इंजिन फिरवतात

बॅटरी उतरलेली गाडी धक्का मारून सुरू करताना काय होते? चाके फिरू लागतात, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की तीच गिअरबॉक्समार्फत इंजिनाला फिरवतात आणि इंजिन सुरू होते. ताकद इंजिनाकडून चाकांकडे जाते तशी चाकांकडून इंजिनाकडेही येते. गिअरबॉक्सविषयीचे बरेच गैरसमज ही दुसरी वाट विसरल्यामुळे होतात.

त्यातला सर्वांत महागडा समज म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रल केली की इंधन वाचते. कार्ब्युरेटरच्या काळात त्याला थोडा आधार होता. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत चित्र उलटे आहे. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि चाकेच इंजिन फिरवत असली, की संगणक इंधन पूर्ण तोडतो. इंजिनाचे फेरे आयडलिंगच्या जवळ आले की इंधन पुन्हा सुरू होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहायचे असते, त्यामुळे इंधन सतत जळते. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी थोडी लांब घरंगळते, हे खरे. पण घाटात प्रश्न गाडी लांब नेण्याचा नसून तिला आवरण्याचा असतो.

आणि आवरायचे म्हणजे किती? लोणावळा ते खोपोली उंचीतला फरक पाचशे मीटरहून जास्त आहे. 25 टनांचा ट्रक 500 मीटर खाली उतरला की सुमारे 34 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. काही हवा आणि टायर खातात. ट्रक गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन घेते, न्यूट्रलमध्ये असेल तर तो सगळा ब्रेकवर येतो. ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनिंगची पकड जाते आणि ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. अशा अपघाताला आपण सर्रास 'ब्रेक फेल' म्हणतो. अनेकदा ब्रेक निर्दोष असतो, त्याच्यावर टाकलेले ओझेच त्याच्या ताकदीबाहेरचे असते. इंजिनच बंद करून उतरणे तर त्याहून वाईट, कारण पॉवर स्टिअरिंग जाते आणि एअर ब्रेकचा कॉम्प्रेसरही थांबतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही चांगला आहे. आणि क्लच दाबून उतरणे म्हणजे न्यूट्रलच, नाव तेवढे वेगळे.

गिअर बदलताना 'खर्र' झाले की दाते झिजले, असे वाटते. खरे तर पुढे जाण्याच्या गिअरांचे दाते एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. सरकते ती स्लीव्ह, आणि ती गुंतण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग सारखा करते ती सिंक्रोमेश. कॅडिलॅकने 1928 मध्ये ती प्रथम मोटारीत आणली. आवाज येतो तो वेग न जुळता स्लीव्ह आत ढकलल्याचा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसते, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये.

'ऑटोमॅटिक म्हणजे क्लच नाही' हाही असाच समज. 2014 मध्ये मारुती सेलेरिओतून भारतात रुळू लागलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लचही तोच, फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र असते. त्यामुळे चढावर सिग्नलला ॲक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरली तर एएमटीतला क्लच मॅन्युअलसारखाच जळतो. तिथे ब्रेक किंवा हँडब्रेक वापरावा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत मधे तेल असते, तिची तऱ्हा वेगळी. ती धक्का मारूनही सुरू होत नाही, कारण गिअरबॉक्सला तेलाचा दाब इंजिन फिरल्यावरच मिळतो.

राहिली फोर व्हील ड्राइव्ह. ती चिखलातून बाहेर काढते, पण ओल्या रस्त्यावर थांबायला काडीची मदत करत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात आणि पकड टायरवर ठरते.

ऑटोमॅटिक चालवणाऱ्यांनी पुढच्या घाटाआधी एवढे करावे: आपल्या लिव्हरवर एल, 2 किंवा मॅन्युअल मोड कुठे आहे ते पाहून ठेवावे, आणि उतार लागण्याआधीच तो निवडावा.