घरीं बांधावयाची वेगवान नौका

नदीच्या किंवा तळ्याच्या कांठीं उभें राहून चपटी खापरी पाण्यावर फेंकावयाची व तिच्या भाकऱ्या काढावयाच्या, हा खेळ तुम्हांपैकीं बहुतेकांनीं खेळला असेल. खापरी पाण्याहून जड; नुसती सोडली तर ती तळ गांठते. परंतु तीच वेगानें व किंचित् तिरपी फेंकली म्हणजे पाणी तिला वर उचलून देतें आणि ती टप्पे घेत पुढें जाते. वेग सरला कीं ती बुडते. हायड्रोप्लेन नांवाच्या नौकेचें सारें रहस्य या खेळांत आहे. अशी नौका लहान प्रमाणावर, पेट्रोलच्या यंत्रानें चालणारी व कांठावरून रेडिओनें हांकतां येणारी, आपल्या हातांनीं कशी बांधतात, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साधी होडी आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारून तरंगते. तिचा वेग वाढवूं गेल्यास पुढें लाट उठते, आणि यंत्राची बहुतेक शक्ति ती लाट उठविण्यांतच खर्च होते. हायड्रोप्लेन वेग घेतांच पाण्याच्या पृष्ठभागावर चढते व केवळ तीन ठिकाणीं पाण्यास स्पर्श करीत धांवते. पुढें उजव्या व डाव्या अंगास दोन सपाट तळाचे अवयव असतात. त्यांस स्पॉन्सन म्हणतात, आपण सोयीसाठीं पाउलें म्हणूं. तिसरा स्पर्श मागें, फिरणाऱ्या मळसूत्री पंख्याचा. हा पंखा निम्मा पाण्यांत व निम्मा पाण्याबाहेर असतो. तो नौकेस पुढें ढकलतो आणि तिची शेपटीही उचलून धरतो.

या रचनेचा पराक्रम जगानें पाहिलेला आहे. अमेरिकेंतील सीॲटल शहराच्या लेक वॉशिंग्टन सरोवरांत २६ जून १९५० रोजीं ‘स्लो-मो-शुन चौथी’ या त्रिपदी नौकेनें ताशीं १६० मैलांहून अधिक वेग गांठून जागतिक उच्चांक केला. पुढें ८ ऑक्टोबर १९७८ रोजीं ऑस्ट्रेलियांतील ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर केन वॉर्बी यांनीं ताशीं सुमारें ५११ किलोमीटर वेग नोंदविला. त्यांची नौका सिडनी येथील त्यांच्या घराच्या परसांत बांधलेली होती व तिचें जेट यंत्र सैन्यानें मोडीत काढलेल्यांपैकीं होतें, ही गोष्ट होतकरू कारागिरांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

आतां नमुन्याच्या नौकेकडे वळूं. सुमारें २६ घनसेंटिमीटरच्या यंत्रास साजेशी नौका साधारण सव्वा मीटर लांब असते. मधलें धड अरुंद ठेवून दोन्ही पाउलें धातूच्या नळ्यांनीं बाजूस जोडावीं, ही रीत नवशिक्यास सोईची. प्रथम जाड कागदावर पूर्ण मापाचा आराखडा काढावा. धडाच्या बाजू ३ मिलीमीटर जाडीच्या उत्तम प्लायवूडच्या व वरचें आच्छादन त्याहून पातळ प्लायवूडचें असावें. दोन्ही बाजू एकदम धरून कापाव्या, म्हणजे त्या तंतोतंत सारख्या होतात. मग सपाट मेजावर, पाणसळ व गुण्या लावून, मधले आडवे पडदे बसवावे व इपॉक्सीनें सांधे जोडावे. सांधा वाळेपर्यंत शिकंजा काढूं नये. आंतबाहेर इपॉक्सीचा पातळ हात द्यावा, कारण लांकडांत पाणी मुरलें कीं वजन वाढतें व सांधे सुटतात. धडाच्या रिकाम्या भागांत फेसाळ प्लॅस्टिकचे ठोकळे भरावे. नौका उलटली तरी ती मग बुडत नाहीं.

पाउलांच्या तळाची तिरपाई सुमारें ३ ते ४ अंश असते. ती दोन्हीकडे अगदीं सारखी हवी. एका पाउलाची तिरपाई अर्ध्या अंशानें जरी चुकली, तरी नौका एका कुशीवर उचलली जाते. तळाची मागील कड धारदार ठेवावी, म्हणजे पाणी तेथून स्वच्छ सुटतें. कड गोल राहिल्यास पाणी तिला चिकटून मागें ओढतें.

यंत्र दोन-फेरी जातीचें, गवत कापण्याच्या हातयंत्रांत असतें त्याच कुळांतील. मूळ यंत्र वाऱ्यानें थंड होतें. नौकेंतील यंत्राभोंवतीं पाण्याचें आवरण असतें. सुकाणूस जोडलेल्या बारीक नळीच्या तोंडांत, धांवत्या नौकेच्या वेगानेंच पाणी शिरतें, यंत्राभोंवतीं फिरतें आणि बाजूनें बाहेर पडतें. पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें, कारण या यंत्रास निराळें वंगण नसतें. २५ भागांस १ भाग, म्हणजे १ लिटर पेट्रोलांत ४० मिलिलिटर तेल, हें प्रमाण पुष्कळदां सांगितलें जातें. तथापि ज्या त्या यंत्राच्या पुस्तिकेंत जें लिहिलें असेल तेंच पाळावें. धूर जाण्याची नळी मध्यें फुगीर असते. तिच्या दुसऱ्या टोंकाकडून दाबाची लाट परत येते व बाहेर निसटूं पाहणारें ताजें मिश्रण पुन्हा आंत लोटते. नळीची लांबी व यंत्राचा वेग यांचा मेळ बसला म्हणजे यंत्राचें बळ पुष्कळ वाढतें.

यंत्रापासून पंख्यापर्यंत पोलादी तारांचा पिळलेला लवचिक दांडा पितळेच्या नळींतून जातो. त्यास दर खेपेस वंगण द्यावें. जोर पडला म्हणजे दांड्याचा पीळ आवळतो व तो आंखूड होतो. म्हणून मागील आधार व पंख्याची अडणी यांत कांहीं मिलीमीटरांची फट ठेवावी. फट न ठेविल्यास दांडा ओढला जाऊन आधार झिजतो.

पंख्याचा हिशेब मुलांनीं स्वतः करून पाहावा. समजा, पंख्याचा व्यास ७० मिलीमीटर व एका फेऱ्याची चाल व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ९८ मिलीमीटर आहे. यंत्र मिनिटास १५,००० फेरे करीत असेल तर तासास ९ लाख फेरे होतात, आणि ९८ मिलीमीटरांप्रमाणें अंतर सुमारें ८८ किलोमीटर येतें. पंखा पाण्यांत थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्ष वेग याहून कमी भरतो. अंकगणिताच्या पुस्तकांतील त्रैराशिक येथें पाण्यावर धांवतांना दिसतें.

अमेरिकेंतील नमुन्यांच्या शर्यतींत नौका नेहमीं उजवीकडे वळतात. म्हणून उजव्या पाउलास पाण्यांत उतरणारें एक धातूचें उभें पातें असतें. वळतांना नौका बाहेर घसरूं नये, हें त्याचें काम. सुकाणूही मध्यरेषेच्या उजव्या अंगास बसवितात.

आतां रेडिओविषयीं. निकोला टेस्ला यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें तारेवांचून चालविलेली लहान नौका लोकांस दाखविली, तीच या विद्येची प्रसिद्ध सुरुवात. आजच्या संचांत हातांतला प्रेषक, नौकेंतला ग्राहक व दोन लहान विद्युत्-यंत्रें असतात. एक सुकाणू वळवितें, दुसरें पेट्रोलाचा पुरवठा कमीअधिक करतें. ग्राहक रबरी फुग्यांत घालून जलाभेद्य पेटींत ठेवावा व त्याची तार पाण्याच्या पातळीवर उंच उभी करावी, कारण पाणी या लहरी गिळून टाकतें. यंत्राच्या ठिणगीनेंही रेडिओंत गडबड होते. ती टाळण्यास विद्युत्-रोधक असलेला ठिणगीचा प्लग लावावा. संकेत तुटतांच पुरवठा आपोआप बंद व्हावा, अशी योजना ग्राहकांत असते. ती प्रत्येक दिवशीं प्रथम तपासावी.

सर्वांत नाजुक काम तोलाचें. समजा, नौकेचें वजन ६ किलो व पाउलांच्या मागील कडेपासून पंख्यापर्यंत अंतर ८० सेंटिमीटर आहे. गुरुत्वमध्य कडेच्या मागें २० सेंटिमीटरांवर असल्यास तरफेच्या नियमानें पंख्यावर दीड किलो व पाउलांवर साडेचार किलो भार येतो. गुरुत्वमध्य फार मागें गेला कीं नाक हलकें होतें. मग नाक उचललें जातें, खालीं वारा शिरतो, वारा तें आणखी उचलतो, आणि एका क्षणांत नौका मागें उलटते. ४ जानेवारी १९६७ रोजीं इंग्लंडांतील कॉनिस्टन सरोवरावर डोनल्ड कँबेल यांची ‘ब्लूबर्ड’ ताशीं ३०० मैलांचा टप्पा गांठण्याच्या प्रयत्नांत अशीच हवेंत उठून उलटली व त्या धाडसी पुरुषाचा अंत झाला. नियम मोठ्या नौकेस व लहान नमुन्यास एकच आहे.

येथें पालकांशीं दोन शब्द बोलणें आम्हांस अगत्याचें वाटतें. ही वस्तु खेळणें म्हणून मुलाच्या हातीं एकटीं सोंपवूं नये. ६ किलोची नौका ताशीं ९० किलोमीटर वेगानें येते तेव्हां तिचा आघात तेवढेंच वजन सुमारें ३२ मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो. आणि तिला थांबविण्यास ब्रेक नाहीं. म्हणून पोहणारे, कपडे धुणारे, गुरें व मासेमारीच्या होड्या जेथें असतील तेथें ती सोडूं नये. पिण्याच्या पाण्याचें तळें वर्ज्य समजावें, कारण तेल पाण्यांत जातें. जागेची परवानगी घ्यावी. पंखा धारदार असतो, धुराची नळी तापते, पेट्रोल पेट घेतें. वडील माणूस जवळ असल्यावांचून यंत्र सुरू करूं नये. बंद पडलेली नौका आणण्यासाठीं मुलानें पाण्यांत उडी घालूं नये, होडींतूनच जावें.

इतकी काळजी घ्यावयाची तर हा उद्योग कशाला, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ती काळजी हेंच यांतलें शिक्षण आहे. तरफ, घर्षण, लहरी व उष्णता यांचे पाठ मुलगा परीक्षेपुरते पाठ करतो. येथें त्याला ते आपल्या चुकीसह भेटतात. कागदावरील चूक गुरुजींच्या नजरेंतून सुटेल, घाईनें जोडलेला सांधा रंगाखालीं झांकेल, पण पाणी कोणाची भीड धरीत नाहीं. ज्यास आरंभ करावयाचा आहे त्यानें यंत्र विकत घेण्याची घाई करूं नये. आधीं कागद, पट्टी व पेन्सिल घ्यावी, आराखडा काढावा, आणि दोन्ही पाउलें एकसारखीं उतरेपर्यंत तो पुसून पुन्हा काढावा.