पाण्यासाठी राखलेले रान : रिओ दि जानेरोतील पहिला दिवस

ठाणे शहराच्या उत्तरेला खाडीकाठी असलेले कोलशेत विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे आणि ब्राझीलमधील रिओ दि जानेरो विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २३ अंशांवर आहे. त्यामुळे हजारो किलोमीटरचे अंतर मध्ये असूनही दोन्ही ठिकाणची हवा आणि झाडे यांत बरेच साम्य आढळते. कोलशेतला एका अंगाला खाडी व तिच्या काठचे कांदळवन, दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर आणि या दोहोंच्या मधल्या पट्टीत उंच इमारतींची दाटी आहे, तर रिओतही ग्वानाबारा उपसागर आणि तिजुका डोंगररांग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शहर कोंबलेले आहे. रोटरीच्या युवा-विनिमय कार्यक्रमासारख्या योजनांतून किशोरवयीन विद्यार्थी एक शैक्षणिक वर्ष परदेशी कुटुंबात राहून तेथील शाळेत शिकतात आणि ब्राझील हा अशा देशांपैकी एक आहे. ठाण्याहून तेथे पोचलेल्या विद्यार्थ्याने रिओतील पहिला दिवस जगप्रसिद्ध पुतळ्यापासून किंवा समुद्रकिनाऱ्यापासून सुरू न करता शहराच्या पाण्याच्या वाटेने सुरू करावा, कारण रिओचे आजचे रूप बऱ्याच अंशी पाण्याच्या टंचाईतून घडले आहे.

प्रवासापूर्वीची एक बाब आवर्जून सांगायला हवी. ब्राझील हा पीतज्वराचा, म्हणजे डासांमार्फत पसरणाऱ्या एका गंभीर विषाणुजन्य तापाचा प्रदेश असल्याने तेथून भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. रिओचे घड्याळ भारताच्या साडेआठ तास मागे असते आणि ऋतूही उलटे असतात, म्हणजे आपल्याकडे दिवाळी असते तेव्हा तेथे वसंत चालू असतो.

दिवसाची सुरुवात लापा या जुन्या वस्तीतील कमानींपासून करावी. डोंगरातील कारिओका नदीचे पाणी शहरातील सार्वजनिक कारंज्यांपर्यंत आणण्यासाठी पोर्तुगीज राजवटीत उन्नत कालवा, म्हणजे कमानींवर उचलून धरलेला पाण्याचा पाट, बांधण्यात आला. १७५० मध्ये पूर्ण झालेल्या या दुमजली बांधकामाला ४२ कमानी आहेत. पुढे पाणीपुरवठ्याच्या नव्या सोयी झाल्यावर कालव्याची गरज संपली, तेव्हा तो पाडून न टाकता १८९६ पासून त्याच्या माथ्यावरून ट्रॅम धावू लागली. ही ट्रॅम आजही सांता तेरेसा टेकडीवर जाते आणि तिच्यातून जाणारा प्रवासी प्रत्यक्षात जुन्या पाण्याच्याच मार्गाने उलट दिशेला, उगमाकडे निघालेला असतो.

त्या उगमाच्या प्रदेशात, तिजुकाच्या रानात, दिवसाचा सर्वांत मोठा वाटा खर्च करावा. आज घनदाट दिसणारे हे रान पुष्कळसे माणसाने पुन्हा लावलेले आहे, हे पाहणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉफीच्या मळ्यांसाठी तिजुकाचे उतार उघडेबोडके करण्यात आले. झाडे गेल्याने पावसाचे पाणी मातीत मुरेनासे झाले, ओढे आटू लागले आणि शहरात टंचाई जाणवू लागली. सरकारने मळ्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि १८६१ मध्ये सम्राट दुसरा पेद्रो याच्या राजवटीत वनीकरण सुरू झाले, ज्याची जबाबदारी मेजर मानुएल गोमिश आर्शर यांच्यावर सोपवण्यात आली. पहिल्या तेरा वर्षांत सुमारे एक लाख झाडे लावली गेली. त्यासाठी प्रथम राबलेले मूठभर लोक गुलाम होते, आणि या रानाचा गौरव करताना आर्शर यांच्याबरोबर त्यांचेही ऋण मान्य करणे आवश्यक आहे. जगातील शहरी वनीकरणाच्या आद्य प्रयोगांत गणले जाणारे हे रान आज सुमारे ४० चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

ठाणेकर विद्यार्थ्याला हा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. मुंबईला नळाने पाणी देण्यासाठी बांधलेला विहार तलाव १८६० मध्ये, म्हणजे तिजुकातील लागवडीच्या आदल्याच वर्षी, पूर्ण झाला आणि १८७९ मध्ये तुळशी तलावाची भर पडली. ज्या उतारांवरचे पाणी या तलावांत उतरते ते पाणलोट क्षेत्र राखावे लागल्याने त्याभोवतालचे रान टिकण्यास मोठी मदत झाली, आणि येऊरचा डोंगर ज्याचा भाग आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरांवर पसरलेले आहे. पाणी हवे म्हणून रान हवे, ही जाणीव पृथ्वीच्या दोन टोकांच्या बंदरांत जवळपास एकाच काळात कृतीत उतरली, ही बाब शाळेच्या इतिहासात यायला हवी होती.

तिजुकाच्या पायवाटांवर विद्यार्थ्याला सर्वाधिक ओळखीचे झाड भेटते ते फणसाचे. पोर्तुगीज जहाजांतून भारतातून ब्राझीलला गेलेला फणस तेथे इतका फोफावला की स्थानिक झाडांची जागा तो बळकावू लागला आणि उद्यानात त्याला आवर घालावा लागत आहे. उलट दिशेने, अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून शोभेचे झुडूप म्हणून आपल्याकडे आलेल्या घाणेरीने येऊरच्या रानात तसाच जम बसवला आहे. काजू, पेरू, अननस, मिरची आणि भुईमूग हीसुद्धा अमेरिकेतूनच आली, पण ती माणसाने शेतात आणि परसात सांभाळली. घाणेरी मात्र रानात मोकाट सुटली.

रानातूनच जाणारी दातेरी रुळांची रेल्वे, म्हणजे तीव्र चढावर चाक घसरू नये म्हणून मध्ये दातांची पट्टी बसवलेला मार्ग, १८८४ पासून ७१० मीटर उंचीच्या कोर्कोवादो शिखराकडे जाते. शिखरावरील ३० मीटर उंचीचा ख्रिस्ताचा पुतळा १९३१ मध्ये उभा राहिला. त्याचा गाभा काँक्रीटचा असून पृष्ठभागावर शंखजिऱ्याच्या लहान तुकड्यांचे आवरण आहे. पुतळ्यापाशी गर्दी असतेच, परंतु तेथून एका दृष्टिक्षेपात डोंगर, शहर आणि उपसागर यांची मांडणी समजते, म्हणून रान पाहून झाल्यावर येथे येणे अधिक फलदायी ठरते.

शिखराच्या पायथ्याशी असलेले वनस्पतिउद्यान १८०८ चे आहे. नेपोलियनच्या सैन्यापुढे लिस्बन सोडून पोर्तुगालचा राजदरबार त्या वर्षी रिओत आला, आणि मसाल्यांसारख्या पूर्वेकडच्या वनस्पती तेथील मातीत रुजवून पाहण्यासाठी हे उद्यान स्थापन झाले. त्यातील उत्तुंग ताडवृक्षांची रांग प्रसिद्ध आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की १८०८ ते १८२१ या काळात गोवा, दमण आणि दीव यांचा अंतिम कारभार युरोपातून नव्हे, तर या दक्षिण अमेरिकी शहरातून चालत होता. ठाण्यातून पोर्तुगीज सत्ता त्यापूर्वीच, १७३७ मध्ये, मराठ्यांनी उखडली होती. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला ठाण्याचा किल्ला आज मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात आहे.

दिवसाच्या उत्तरार्धात बंदराजवळील वालोंगो धक्का पाहिल्याशिवाय रिओ पाहिले असे म्हणता येणार नाही. १८११ पासून वापरात आलेल्या या दगडी धक्क्याच्या परिसरात लाखो आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून उतरवली गेली. १८४३ मध्ये सम्राज्ञीच्या स्वागतासाठी त्यावर नवा धक्का बांधून जुना झाकण्यात आला. २०११ मध्ये बंदर-परिसराच्या नूतनीकरणातील खोदकामात तो पुन्हा उघडा पडला आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ ठरवले. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, म्हणजे कमानींवरून ट्रॅम धावू लागण्यापूर्वी अवघी आठ वर्षे. कॉफीच्या मळ्यांमागचे बरेचसे श्रम याच धक्क्यावरून शहरात आले होते, आणि मळ्यांच्या जागी रान लावताना प्रथम राबलेले हातही गुलामांचेच होते. माराकाना मैदान, कोपाकबानाचा किनारा आणि शुगरलोफची केबल कार यांना दुसरा दिवस द्यावा. पहिल्या दिवशी त्यांची घाई केली, तर तिजुकाचे रान धावत्या गाडीतूनच पाहावे लागेल.