दक्षिण तिरोलचे विजेचे मनोरे

आल्प्समधील ब्रेनर खिंडीच्या दक्षिणेचा जर्मनभाषिक तिरोल १९१९ च्या तहानें ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीनें तेथील शाळांतून जर्मन हद्दपार केली आणि बोल्झानोस कारखाने काढून इटालियन मजूर वसविले. १९४६ च्या करारानें स्वायत्तता मिळाली खरी. पण ट्रेंटोसह बनविलेल्या प्रांतांत बहुमत इटालियनांचें, म्हणून ती नांवापुरतीच उरली.

११ जून १९६१ च्या रात्रीं फुटून निघूं पाहणाऱ्या गुप्त संघटनेनें विजेचे सुमारें ३७ मनोरे सुरुंगानें उडविले. रोख त्या कारखान्यांच्या विजेवर होता. मनुष्यहत्या करावयाची नाहीं, असा संकल्प होता. परंतु दुसऱ्याच दिवशीं न उडालेल्या एका स्फोटकानें रस्त्यावरील कामगाराचा बळी घेतला! पुढें सैनिकही मेले. मागणी ऑस्ट्रियांत परतण्याची होती. १९७२ मध्यें पदरांत पडली ती विस्तृत स्वायत्तता, आणि १९९२ मध्यें ऑस्ट्रियानें वाद मिटल्याचें जाहीर केलें.