ऑक्सफर्डचं असं कॉलेज, जिथे प्राध्यापकांसाठी वेगळं टेबल नाही

ऑक्सफर्डच्या जुन्या कॉलेजांमधले जेवणाचे हॉल तुम्ही सिनेमात पाहिले असतील. विद्यार्थ्यांची लांबलचक टेबलं आणि हॉलच्या एका टोकाला प्राध्यापकांचं मानाचं 'हाय टेबल'. वुल्फसन कॉलेजमध्ये मात्र हे हाय टेबलच नाही. असं का?

आधी हे समजून घ्या

आपल्याकडे कॉलेज शिकवतं आणि विद्यापीठ परीक्षा घेतं. ऑक्सफर्डमध्ये लेक्चर, प्रयोगशाळा आणि परीक्षा विद्यापीठाकडे असतात. राहणं, जेवणं, ओळखीपाळखी हे सगळं कॉलेजात. त्यामुळे ज्याला कॉलेज नाही, तो विद्यापीठात असूनही उपराच.

नवं कॉलेज का लागलं?

दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान विभाग वाढले. अनेक संशोधकांना विद्यापीठात नोकरी होती, पण कोणत्याही कॉलेजात 'फेलो' म्हणून जागा नव्हती. संशोधन करणारे विद्यार्थीही वाढत होते. जुन्या कॉलेजांचं लक्ष मात्र मुख्यतः पदवीच्या मुलांवर.

म्हणून १९६५ मध्ये फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'इफली कॉलेज' स्थापन झालं. १९६६ मध्ये विचारवंत आयझाया बर्लिन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. रीगामध्ये जन्मलेले बर्लिन लहानपणी कुटुंबासोबत इंग्लंडला आले होते. त्यांनी वुल्फसन आणि फोर्ड या दोन फाउंडेशनकडून निधी मिळवला आणि कॉलेजचं नाव 'वुल्फसन' झालं.

वेगळेपण काय?

फेलो आणि विद्यार्थी एकाच टेबलावर जेवतात. कॉमन रूमही दोघांची एकच. चेरवेल नदीकाठची इमारत १९७४ मध्ये खुली झाली. गंमत म्हणजे, ऑक्सफर्डच्या पुरुषांच्या पाच कॉलेजांनी मुलींना पदवीसाठी पहिल्यांदा प्रवेश दिला, तोही त्याच वर्षी!

भारताशी नातं

या जागेवर आधी हाल्डेन कुटुंबाचं घर होतं. त्याच कुटुंबातले शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचं निधन झालं.

एका टेबलाने काय बदलतं?

उतरंड लगेच संपत नाही. गाईड शेवटी गाईडच असतो. पण संशोधन हे बरंचसं एकट्याने करायचं काम. वर्षानुवर्षं प्रयोगशाळा ते खोली एवढंच जग असलेल्या विद्यार्थ्याला दुपारी एखाद्या ज्येष्ठ अभ्यासकाशेजारी बसून मनातली शंका सहज विचारता येत असेल, तर ती सोय लहान नाही.

आपल्या विद्यापीठांत सरांच्या केबिनबाहेर ताटकळलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.